मोत माउलीपासून होली लँडपर्यंत: कोकणातल्या ख्रिस्ती यात्रांची पार्श्वभूमी

वसईत हल्ली चर्चच्या आवारात गेलं की होली लँड टूरचा एखादा तरी फ्लेक्स दिसतोच, इस्रायल, जॉर्डन, इजिप्त, दहा-बारा दिवस, सोबत आपल्या ओळखीचेच फादर. ते बघून बरेच जण विचारतात की तुम्हा लोकांत हे यात्रेचं कधीपासून सुरू झालं, पैसा आला म्हणून का? तर नाही. पैसा नव्हता तेव्हाही आमची माणसं निघायचीच, चालत, होडीने, मग ट्रेनने. टूर हा शब्द तेवढा नवीन आहे.

सुरुवात पोर्तुगीजांपासून करावी लागते. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांना दिली, आणि मग किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेसुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा धर्मगुरूंच्या सगळ्या संघांची चर्च नि मठ उभे राहिले. पण चर्च बांधलं म्हणून तिथे यात्रा भरतेच असं नाही, त्यासाठी लोकांचा जीव जडावा लागतो, आणि तो कसा जडतो हे बांद्र्याच्या मोत माउलीकडे, म्हणजे माउंट मेरीकडे, बघितलं की कळतं.

बांद्र्याच्या टेकडीवर जेसुइटांनी सोळाव्या शतकात मरियामातेचं छोटं देऊळ बांधलं (आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात). १७०० च्या सुमारास मस्कतचे अरब समुद्रातून चालून आले आणि त्यांनी मूर्तीचा हात तोडला. पुढे १७३८-३९ च्या मराठे-पोर्तुगीज लढाईच्या धामधुमीत देऊळ पडलं, मूर्ती हलवावी लागली, ती १७६१ ला परत आली. कोळी लोक मात्र हीच गोष्ट त्यांच्या पद्धतीने सांगतात, की एका कोळ्याला स्वप्न पडलं, समुद्रात माउली सापडेल, आणि खरंच सापडली. मला ही कोळ्यांची गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात माउली परदेशातून आलेली नाही, ती आपल्याच दर्यातून वर आलेली आहे. म्हणूनच माउंटचं मोत झालं आणि मेरीची माउली झाली.

८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस, त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. आताची इमारत १९०४ ची. बाहेर मेणाच्या वस्तूंचे स्टॉल असतात, हात, पाय, डोळे, बाळ, घर, ज्याचं जे दुखणं किंवा जी इच्छा असेल ते घ्यायचं आणि माउलीपुढे ठेवायचं. आमच्या आजीचा गुडघा धरायचा म्हणून ती दरवर्षी मेणाचा पाय घ्यायची. उन्हात लाइन लांब असली की तो हातात मऊ पडायला लागतो, मग ती तो पदरात गुंडाळून छातीशी धरून चढ चढायची, दुखऱ्या गुडघ्याने. लाइनीत पुढेमागे हिंदू बायका असायच्या, पारशी असायचे, नवस सगळ्यांचेच. वसई-विरारकडच्यांना हे सोपं झालं ते १८६७ पासून, त्या साली विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली, रेल्वे यायच्या आधी सगळा प्रवास होडी नि बैलगाडीचा.

वसईचा स्वतःचा संतही आहे, गोन्सालो गार्सिया. १५५६ च्या आसपास वसईत जन्म, बाप पोर्तुगीज सैनिक, आई इथलीच. जपानला गेला, व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला २६ जणांना क्रुसावर चढवलं त्यात तो होता. १८६२ ला रोमने त्याला संत जाहीर केलं. किल्ल्यातली चर्च १७३९ नंतर, म्हणजे चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यानंतर, ओस पडत गेली, घंटा देवळांमध्ये गेल्या (नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यातलीच, तिच्यावर १७२१ साल आहे), पण गोन्सालोच्या सणाला त्या पडक्या भिंतींत आजही मिस्सा (चर्चमधली मुख्य प्रार्थना) होते. टुरिस्ट तिथे प्री-वेडिंगचे फोटो काढायला येतात, येऊ देत, पण ही जागा अजून प्रार्थनेची आहे हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं असं मनापासून वाटतं.

आणि गोवा. सेंट फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले, त्यांचं शव १५५४ ला गोव्यात आणलं. लोकांत कुजबुज सुरू झाली की खरं शव आता तिथे नाहीच, म्हणून १७८२ ला ते पहिल्यांदा सगळ्यांसमोर दर्शनाला ठेवलं. आता साधारण दर दहा वर्षांनी ठेवतात. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीकडच्या लोकांना ओल्ड गोवा तसं हाकेवर, पायी जाणारे आजही आहेत, पण १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीजांचं राज्य, आणि पन्नाशीच्या दशकात भारताने नाकेबंदी केली तेव्हा हद्दीपलीकडे जाणं फार कठीण झालं. गोंयच्या सायबाचं, म्हणजे झेवियरांचं, फेस्त (सण) पलीकडे आणि आपण अलीकडे, ही त्या पिढीची खरी सल. मग १९६४ आलं. मुंबईत आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचं जागतिक संमेलन, त्यासाठी पोप पॉल सहावे आले, भारतात येणारे पहिले पोप, आणि त्याच हंगामात गोव्यात शवदर्शन, मुक्त गोव्यातलं पहिलं. मुंबईहून बोटी किनाऱ्याने जायच्या. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ ला.

तमिळनाडूतल्या वेलंकनी माउलीचं वेड त्यानंतरचं नाही, जुनंच आहे, पण सप्टेंबरातल्या स्पेशल गाड्यांमुळे वाढलं. होली लँडचं मात्र अगदी अलीकडचं, भारत आणि इस्रायलचे पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ ला जुळले आणि मग हळूहळू ग्रुप निघायला लागले. बेथलेहेम, गालील, यार्देन नदीत पाय बुडवायचे, बाटलीत पाणी भरून आणायचं, शेजारीपाजारी ऑलिव्हच्या लाकडाच्या जपमाळा वाटायच्या.

माझ्या मावशीने सहा वर्षं भिशी भरून होली लँडचेच पैसे जमवले होते. २०२३ च्या ऑक्टोबरात युद्ध पेटलं आणि तिचा ग्रुप थांबला. मग २०२४ च्या डिसेंबरात ती गोव्याला शवदर्शनाला गेली, चार तास लाइनीत उभी राहिली, समोर आल्यावर काय मागायचं तेच विसरली म्हणाली, नुसती रडली. पासपोर्ट तिने घरच्या आल्तारावर (देवघरात) क्रुसामागे ठेवलाय, धूळ पुसताना काढते आणि परत तिथेच ठेवते.