धोबी तलावापासून वाशीपर्यंत: गिटार आधी आली, चांगलं सामान फार नंतर

संध्याकाळी ठाण्यात राम मारुती रोडला किंवा वाशीत सेक्टर 17 ला गेलात तर पाठीला गिटारची बॅग लटकवलेली दोन-चार पोरं दिसतातच, आणि त्यांच्याशी बोलायला लागलं की पाचव्या मिनिटाला विषय गिअरवर, म्हणजे गिटारच्या सामानावर येतो. आवाज बदलायला पायाखालचं पेडल घेऊ की सगळे इफेक्ट एकत्र देणारा प्रोसेसर, सेकंडहँड चालेल का, सहा हजारात काय येईल वगैरे. हे प्रश्न पडायला आधी चॉइस असावा लागतो आणि तो आपल्याकडे लय उशिरा आला. गिटार मात्र त्याच्या कितीतरी आधी येऊन बसली होती.

मुंबईत गिटार म्हटलं की गोवेकरांचं नाव पहिलं घ्यायला लागतं. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांमधून पोरांना स्टाफ नोटेशन म्हणजे पाच रेषांवर लिहिलेले पाश्चात्य सूर वाचायला शिकवायचे, त्यामुळे तिथून मुंबईला आलेला माणूस कागद समोर ठेवला की लगेच वाजवायचा. सिनेमाच्या ऑर्केस्ट्राला नेमकं हेच हवं होतं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही मंडळी त्यातूनच मोठी झाली. आपल्या ठाण्यात तलावपाळीला जे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे ते पण पोर्तुगीज काळातलंच, म्हणजे तो धागा इथपर्यंत आहे. पुढे 1962 ते 65 ची व्हॅटिकन परिषद झाली, त्यानंतर मासमध्ये, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेत, लोकांची भाषा आली आणि ऑर्गनच्या शेजारी गिटारला पण जागा मिळाली. ठाणे, वसई, बांद्रा पट्ट्यातल्या कितीतरी जणांनी पहिला जी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) चर्चच्या क्वायरमध्येच, म्हणजे गायकवृंदातच धरलाय.

पण आपल्या आई-बाबांच्या, आजी-आजोबांच्या कानात जी गिटार बसली ती ही नव्हे, ती हवाईयन. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून स्टीलचा तुकडा सरकवायचा. 1940 च्या दशकात हवाईचे टाऊ मो कलकत्त्यात राहून वाजवायचे आणि शिकवायचे, तिथून ती पसरली. आपल्याकडे ती इतकी पटकन का रुजली हे बघायला फार डोकं लावायला नको, स्टील सरकवलं की मींड निघते, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, गळ्यातून निघते तशी, आणि फ्रेट म्हणजे तारांखालच्या धातूच्या पट्ट्या मध्ये येतच नाहीत. व्हॅन शिप्ली, हजारा सिंग यांनी वाजवलेली सिनेमाची गाणी रेडिओवर घराघरात ऐकली जायची. ब्रिजभूषण काबरांनी त्याच पद्धतीच्या गिटारवर चक्क शास्त्रीय वाजवलं. आज जिला आपण नुसतं गिटार म्हणतो तिला तेव्हा मुद्दाम स्पॅनिश गिटार म्हणायला लागायचं.

स्पॅनिशची क्रेझ साठच्या दशकात बीट ग्रुपांबरोबर आली. सिमला बीट म्हणून सिगरेट कंपनीची स्पर्धा असायची, 1970 आणि 71 ला तर तिच्या एलपी पण निघाल्या. 1972 मध्ये लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या छोट्याशा डिस्कोमध्ये वाजवून गेले, ते पण इथल्या पोरांच्या सामानावर. म्हणजे वाजवणारे होते, ऐकणारे होते, नव्हतं ते सामान.

सामानासाठी एकच पत्ता, धोबी तलाव. तिथलं फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान 1865 पासूनचं. ठाण्याचा माणूस लोकलने व्हीटीला उतरायचा आणि आझाद मैदानाच्या कडेने चालत जायचा, नवी मुंबईवाल्याला तर 1992 ला वाशीपर्यंत ट्रेन येईतो बसने खाडीपूल ओलांडायला लागायचा. आणि जाऊन बघायचं काय तर काच. आयातीला लायसन्स, वर जबरी ड्युटी, त्यामुळे फेंडर-गिब्सन या अमेरिकन कंपन्यांच्या गिटारी म्हणजे फोटोत बघायच्या गोष्टी. कुणाचा काका आखातात किंवा बोटीवर असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर कलकत्त्याची देशी गिटार. त्यातलं गिव्हसन हे नाव तर एका अक्षराच्या फरकाने गिब्सनची आठवण करून द्यायचं. अ‍ॅम्प पण वेगळा कुठला, मांडवात सत्यनारायणाच्या पूजेला लावतात तो अहुजाचा, त्यातच जॅक घुसवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं.

या स्वस्त गिटारींबद्दल जुने लोक फार प्रेमाने बोलतात, त्यावर शिकलो म्हणून हात तयार झाला वगैरे. मला हे अजिबात पटत नाही. बाराव्या फ्रेटला तार आणि लाकूड यांच्यात अख्खी पेन्सिल जाईल एवढी अ‍ॅक्शन, एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या त्या एफ बारला अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ, तारा जिथे खाली बांधतात त्या ब्रिजच्या मागे वरची फळी फुगलेली, आणि मास्तर म्हणणार तुझा हात बसत नाही. हात कसा बसणार? ज्यांचा बसला ते सांगायला उरले, बाकीच्यांची गिटार माळ्यावर गेली, आणि ते अजून सांगतात की आपल्याला गिटार जमली नाही बुवा.

तरी त्यातूनच 80 च्या दशकातला सीन उभा राहिला. 1984 ला रॉक मशीन, त्यात गिटारवर महेश टिनईकर, हाच बँड पुढे इंडस क्रीड झाला. 1986 पासून रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडांचा महोत्सव, तेही धोबी तलावाजवळच. मग सायलेन्स झोनच्या नियमांत रंगभवन गेलं.

खरा फरक 1991 नंतर पडला. लायसन्सची भानगड हळूहळू गेली, ड्युटी पण उतरत गेली, आणि त्याच सुमारास जगात गिटार बनवायची जागाच बदलत गेली, अमेरिका-जपानवरून कोरिया, मग इंडोनेशिया, चीन. फेंडर कंपनीच्या लिओ फेंडरने 1950 च्या दशकात नेक, म्हणजे गिटारची मान, बॉडीला सरळ स्क्रूने जोडायची आयडिया रुळवली होती, ती कारखान्याला एकदम सोयीची, त्यात कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशिनं आली, त्यामुळे स्वस्त गिटारचे पण फ्रेट जागच्या जागी बसायला लागले. यामाहाची F310 इकडच्या किती घरांत पहिली गिटार म्हणून आली असेल देव जाणे. धोबी तलाव पण मग चालत चालत आपल्याकडे आला, ठाण्यात, वाशीत क्लास आणि दुकानं, आणि नंतर ऑनलाइन, तेव्हा तर प्रवासच संपला.

यात एक गंमत आहे जी दुकानात कोणी सांगत नाही. महागड्या अ‍ॅकॉस्टिकची पाठ आणि कडा ज्या रोजवूडच्या असतात ते बऱ्याचदा इंडियन रोजवूड, म्हणजे आपला शिसव, जुन्या वाड्यातल्या शिसवी कपाटाचा. ब्राझीलने लाकडाचे ओंडके बाहेर पाठवणं थांबवल्यावर अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने 1969 मध्ये भारतीय लाकूड घेतलं आणि मग सगळ्यांनीच. म्हणजे लाकूड इथून जायचं, गिटार होऊन यायची, आणि आपण ड्युटी भरून परत घ्यायची! 2017 च्या जानेवारीत रोजवूडवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम कडक झाले तेव्हा कंपन्यांनी दुसरी लाकडं वापरून बघितली, 2019 च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. 2017 मध्येच जीएसटी आला तेव्हा गिटार 28 टक्क्यांत होती, त्याच वर्षी नोव्हेंबरात 18 वर आणली.

आता नेरुळच्या डी. वाय. पाटीलला 2019 मध्ये यूटू येऊन गेले, जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले, एवढं सगळं दाराशी आलंय. पण खाडीची हवा तीच आहे. गिटारला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे जुलैमध्ये ती सहज 80 च्या वर, लाकूड पाणी पितं, फळी फुगते, अ‍ॅक्शन वर जाते, तारा पंधरा दिवसांत काळ्या. ऐरोली-घणसोलीत खाडीकडे खिडकी असेल तर विचारूच नका. त्यामुळे इकडे सेकंडहँड बघायला जाल तेव्हा ब्रँड नंतर बघा. आधी नेक डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखा नेम घ्या, मग पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटला एकच तार दाबून मध्ये किती फट राहते ते बघा, कागद जाईल एवढी असली तर छान. तारा गंजल्या असतील तर तेवढ्यावर भाव पाडून घ्या, नवीन सेटला काही फार लागत नाही. नेक वळलीय आणि ती सरळ करायची आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरतच नाहीये असं दिसलं तर काका-काकूंनी दिलेला चहा प्या, नमस्कार करा आणि लिफ्टने खाली या.