‘मलाही झालं होतं’

‘मधुमेहासारखाच हाही एक आजार, त्यात लाजायचं काय?’ नैराश्याचा विषय निघाला की हे वाक्य हटकून येतं. मीही ते कितीदा तरी वापरलंय. पण त्यानं लोकांच्या मनातली अढी सुटते का? अमेरिकेत १९९६ आणि २००६ साली लोकांना नैराश्याबद्दल तेच प्रश्न विचारले गेले. नैराश्याचं मूळ मेंदूत आहे असं मानणारे दहा वर्षांत ५४ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेले. औषधोपचारांवरचा विश्वासही वाढला. अशा माणसाला चार हात लांब ठेवण्याची वृत्ती मात्र होती तशीच राहिली. थोडक्यात, माहिती डोक्यात गेली, पण अढी जिथल्या तिथे.

मग अढी सुटते कशानं? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १४ देशांतले ७२ अभ्यास एकत्र तपासले. प्रौढांच्या बाबतीत व्याख्यानं आणि पत्रकांपेक्षा जास्त उपयोगी ठरली ती त्या आजारातून गेलेल्या माणसाची भेट. तीही समोरासमोर; चित्रफितीचा परिणाम त्याहून कमी. (किशोरवयीन मुलांत मात्र उलटं दिसलं, तिथे शिकवण्याचा उपयोग जास्त झाला.)

सांगणारा आपल्यातला वाटणंही महत्त्वाचं. दीपिका पदुकोणनं २०१५ मध्ये स्वतःच्या नैराश्याबद्दल सांगितलं आणि हा शब्द घराघरांत पोचला. पण ‘तिला काय कमी आहे?’ हेही त्याच घरांत ऐकू आलं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी डबा खाताखाता ‘मलाही झालं होतं, आठ महिने गोळ्या घेतल्या’ म्हणतो, तेव्हा असं म्हणायची सोय राहत नाही.

झिम्बाब्वेतल्या हरारेमध्ये मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून हीच जवळीक कामाला लावली. दवाखान्याच्या आवारात एक बाक, आणि त्यावर त्रासलेल्यांचं ऐकून घ्यायला प्रशिक्षण घेतलेली वस्तीतलीच आजी. शोना भाषेत या त्रासाला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडे तरी ‘मला नैराश्य आलंय’ कोण म्हणतं? ‘डोक्यातले विचार थांबत नाहीत’, ‘कशात मन लागत नाही’, नाहीतर सरळ ‘टेन्शन’. २४ दवाखान्यांतल्या ५७३ जणांवर या बाकाची चाचणी झाली. सहा महिन्यांनी नैराश्याची लक्षणं बाकावर बसलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांत उरली होती. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत सुमारे ५० टक्के. याचं श्रेय नुसत्या गप्पांना देता येणार नाही. आजी एकेक अडचण पकडून ती सोडवण्याची पायरी ठरवायला मदत करते. त्यानंतर त्याच वाटेनं गेलेल्यांचा गट असतो. तिथे पिशव्या विणत बोलणं होतं. हात कामात असले की कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, हे भाजी निवडत बसणाऱ्या बायकांना सांगायला नको!

बोलण्यातही फरक असतो. मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास केला. एकमेकांशी तेच ते दुःख उगाळणाऱ्यांची मैत्री घट्ट होती, पण त्यांच्यात उदासी आणि चिंताही जास्त होती. घडलं ते सांगणं वेगळं, रोज तीच खपली काढणं वेगळं. उगाळणं थांबत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर मित्र पुरत नाही. तिथे डॉक्टर हवा, किंवा निदान ‘टेलीमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक.

आणि सांगायलाच हवं असं थोडंच आहे? कॉरिगन यांच्याच एका प्रशिक्षणात ‘कसं सांगावं’ हे शेवटी येतं. सुरुवात ‘सांगावं का’ इथून होते: नोकरीवर परिणाम होईल का, घरचे काय म्हणतील, याचा कागदावर हिशोब. कुणाला सांगायचं हे ताडून पाहायची एक साधी युक्तीही तिथे आहे. मानसिक आजाराची एखादी बातमी किंवा सिनेमा सहज बोलण्यात काढायचा, ‘तुला काय वाटतं?’ म्हणून विचारायचं, आणि समोरचा काय म्हणतो ते नीट ऐकायचं.