पार्श्वभूमी : उत्तनची धारावी

भाईंदरजवळच्या उत्तनच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी रिसॉर्टं भरलेली असतात. तिथून जवळच, चौक गावाच्या टोकाला, खाडीच्या तोंडावर किल्ल्याचे अवशेष उभे आहेत. पाण्यापलीकडे वसईचा किल्ला दिसतो. वसईकडे येणारं गलबत या टेकाडावरून नजरेत येई, म्हणून मराठ्यांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या वसई मोहिमेत ही जागा मोलाची होती. मे १७३९ मध्ये वसई पडली, त्याआधी धारावीसाठी झुंज झाली होती.

खरा घोळ नावाचा आहे. धारावी म्हटलं की मुंबईतली वस्ती डोळ्यांपुढे येते. पेशवेकालीन कागदांतली धारावी मात्र हीच. धारावी हे साष्टीच्या, म्हणजे ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतच्या मोठ्या बेटाच्या, पश्चिमेचं वेगळं बेट होतं. उत्तन, डोंगरी, तारोडी, गोराई, मनोरी ही गावं त्यावरची. तारोडीला धारावी देवीचं देऊळ आजही आहे. किल्ल्याला जंजिरे धारावी म्हणतात. जंजिरा म्हटल्यावर मुरूड आठवतो, पण मूळ अरबी शब्दाचा अर्थ नुसता बेट असा आहे. गुंता वाढवायला मुंबईच्या धारावीतही मिठीकाठी इंग्रजांचा काळा किल्ला आहे, आणि त्यावरची शिळा सांगते तेही साल १७३७, म्हणजे मराठे साष्टीत उतरले ते वर्ष. दोन धाराव्या, दोन किल्ले, एकच धामधूम. यात उत्तनची धारावी झाकली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. वसईच्या तटाचा दगडसुद्धा इथल्याच खाणींतून गेला.

पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतलं आणि साष्टीही त्यांच्याकडे गेली. नंतर जिल्ह्याची रेघ बेटाच्या मधून गेली: उत्तन ठाण्यात, गोराई-मनोरी मुंबई उपनगरात. १९८९ मध्ये गोराईत मोठं मनोरंजन उद्यान आलं आणि बेटाची ओळख सहलीची जागा अशी झाली. गोराई, मनोरी, उत्तन मिळून पर्यटन क्षेत्र करायचा आराखडाही मांडला गेला. त्याला गावकऱ्यांनी विरोध केला. शेतं, गावठाणं आणि बोंबील सुकवायच्या वलांडी याच पट्ट्यात आहेत, त्यामुळे तो विरोध मला रास्त वाटतो. किल्ल्यावर अलीकडे मराठा सेनानीचं स्मारक झालं. जुन्या तटाच्या डागडुजीलाही तितकंच महत्त्व मिळायला हवं होतं.