टांगलेला चक्का आणि सॉफ्ट कल्चर्ड चीज: फरक नेमका कुठे पडतो?

घरी सॉफ्ट चीज करायचं म्हटलं की बहुतेक वेळा पहिला सल्ला मिळतो तो असा: दही फडक्यात बांधा, रात्रभर टांगा, सकाळी चीज तयार. सकाळी जे हाती येतं ते पांढरंशुभ्र, मऊ आणि पावावर सहज पसरणारं असतं, त्यामुळे सल्ला पटतो. पण तो चक्का असतो. छानच लागतो, मात्र फ्रोमाज ब्लाँ, क्वार्क (दोन्ही युरोपातली ताजी, मऊ चीज) किंवा घरगुती क्रीम चीज म्हणतात ते हे नव्हे. मग 'बाहेरच्यासारखं का लागत नाही' म्हणून माणसं जास्त वेळ टांगतात, वर वजन ठेवतात, क्रीम मिसळतात. त्याने चक्का घट्ट होतो, चीज होत नाही. कारण फडक्यात बांधण्याची पायरी दोन्हीकडे सारखीच आहे. खरा फरक दूध गॅसवर असतानाच पडून गेलेला असतो.

दह्यासाठी दूध ८५ अंश सेल्सियसच्या आसपास नेऊन वीस-तीस मिनिटं तिथेच ठेवतात. हे फक्त जंतू मारण्यासाठी नसतं. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसिन आणि उरलेली २० टक्के निवळीतली, म्हणजे गळून निघणाऱ्या पाण्यातली प्रथिनं. एरवी ही निवळीतली प्रथिनं पाण्याबरोबर निघून जातात. एवढ्या उष्णतेत मात्र ती उलगडतात आणि केसिनच्या कणांना चिकटतात. दही लागतं तेव्हा ती जाळ्याचाच भाग होतात आणि पाणी धरून ठेवतात. म्हणून चांगलं तापवलेल्या दुधाचं दही घट्ट लागतं आणि त्याचा चक्का गुळगुळीत, जरा जड, तोंडात दाट लागणारा होतो.

सॉफ्ट चीजला नेमकं उलटं हवं असतं. इथे दूध फक्त पाश्चराइज झालेलं हवं, म्हणजे ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर काही सेकंद. त्यापुढे उकळी आणायची नाही. कारण रेनेट, म्हणजे दूध जमवणारं एन्झाइम. केसिनच्या कणांवर एका प्रथिनाची बारीक लव असते आणि तिच्यामुळे ते कण एकमेकांपासून लांब राहतात. रेनेट ती लव छाटतं, मग कण जवळ येऊन दूध जमतं. दूध खूप तापलेलं असेल तर उलगडलेली प्रथिनं त्याच लवेला चिकटून बसतात, रेनेटला नीट काम करता येत नाही, जमलेलं दूध कमजोर राहतं आणि निवळी सुटायला नाखूष असते. टेट्रापॅकमधलं यूएचटी दूध दह्याला चालून जातं, चीजला चालत नाही, त्याचं कारण हेच. तापवून साय काढलेलं दूधही चीजसाठी वापरू नका.

सॉफ्ट चीजमध्ये रेनेट अगदी नावाला लागतं: चार लिटर दुधाला द्रवरूप रेनेटचे दोन-तीन थेंब. कडक चीजला लागतं त्याच्या साधारण दहाव्या भागाइतकं. ते क्लोरीन नसलेल्या गार पाण्यात मिसळून घाला, क्लोरीन रेनेट निकामी करतं. दूध जमवण्याचं मुख्य काम आंबटपणाच करतो, रेनेट फक्त जमलेल्या दुधाला थोडी ताकद देतं. तयार दह्यात रेनेट घालून चीज करता येईल का, असं बरेच जण विचारतात. नाही. तोवर प्रथिनांचं जाळं बांधून झालेलं असतं.

आता विरजण. मला विचाराल तर चवीतला सगळा फरक इथला आहे. दह्याचे जीवाणू, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बुल्गारिकस, ४२ ते ४५ अंशांच्या उबेत जोमाने वाढतात आणि चार-सहा तासांत दही लावतात. त्यांना हवं तेवढं थांबू दिलं तर पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं जास्त आंबट) ४ च्याही खाली नेतात. दह्याचा तो झणझणीत, ताजा वास येतो तो मुख्यतः अ‍ॅसिटाल्डिहाइडचा. सॉफ्ट चीजचं विरजण मेसोफिलिक (मध्यम उबेत वाढणारं) असतं, म्हणजे लॅक्टोकॉकस लॅक्टिस आणि त्याचे भाऊबंद. त्यांना २१ ते २४ अंश पुरतात, ते बारा ते अठरा तास घेतात आणि पीएच साधारण ४.५ च्या आसपास आला की मंदावतात. सुवासाच्या विरजणात असलेल्या काही जाती दुधातल्या सायट्रेटपासून डायअ‍ॅसिटिल बनवतात, आणि लोण्याचा जो ओळखीचा वास आहे तो त्याचाच. क्रीम चीज सौम्य आणि लोण्यासारखं लागतं ते नुसत्या क्रीममुळे नाही. दह्याच्या चक्क्यात कितीही क्रीम घाला, हा वास येणार नाही.

खोली ३० अंशांच्या पुढे गेली तर मेसोफिलिक विरजण घाईने आंबवतं आणि सौम्यपणा हरवतो. अशा वेळी भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवा किंवा थर्माकोलच्या डब्यात गार पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवा. घड्याळापेक्षा भांड्याकडे बघा: वर निवळीचा पातळ, स्वच्छ थर आला, जमलेलं दूध कडेने सुटलं आणि चाकूने कापल्यावर चीर स्पष्ट दिसली की झालं.

टांगण्याची जागाही दोघांची वेगळी. चक्का फ्रीजमध्ये टांगावा. बाहेर ठेवला तर जीवाणू काम चालूच ठेवतात आणि सकाळपर्यंत तो फार आंबट होतो. सॉफ्ट चीज २० ते २२ अंशांवर, सहा ते बारा तास. फ्रीजमध्ये ठेवलं तर निवळी गळायची जवळपास थांबते आणि आतला भाग ओलाच राहतो. जमलेलं दूध फडक्यात ओतू नका, पळीने पातळ पातळ थर उचलून ठेवा. चुरा झाला की बारीक कण निवळीबरोबर वाहून जातात. फडकं दाट विणीचं हवं.

स्वच्छतेच्या बाबतीत मी चीजकडे जास्त कडकपणे बघेन. दह्याचं दूध खूप तापलेलं असतं आणि लवकर आंबतं, त्यामुळे नको त्या जंतूंना फारशी संधी मिळत नाही. चीजचं दूध तासन् तास कोमट असतं आणि आंबटपणा सावकाश चढतो. फडकं, पळी, भांडं उकळत्या पाण्यातून काढा. कच्चं दूध वापरू नका, लिस्टेरियासारखे जंतू ताज्या मऊ चीजमध्ये टिकतात आणि गरोदर बाईला त्याचा मोठा धोका असतो. जमलेलं दूध स्पंजासारखं फुगून वर तरंगलं, त्यात बुडबुडे दिसले, तर चव बघू नका, सरळ फेकून द्या.

शिजवताना मात्र दोन्ही एका बाबतीत सारखी आहेत: वितळत नाहीत. आंबटपणामुळे केसिनला बांधणारं कॅल्शियम निवळीत निघून जातं, म्हणून तार सुटत नाही. थेट आचेवर चक्का चटकन फुटून रवाळ होतो. गरम पदार्थात घालायचा असेल तर गॅस बंद केल्यावरच घाला.

मीठ दोन्हीला शेवटी, वजनाच्या साधारण एक टक्का. झाकून फ्रीजमध्ये ठेवलं तर आठवडाभर चांगलं राहतं. उरलेल्या निवळीतून रिकोटा (निवळी तापवून काढतात ते चीज) काढायचा प्रयत्न मात्र करू नका. चक्क्याच्या निवळीत प्रथिनं फार उरलेलीच नसतात, ती चक्क्यात अडकली. चीजच्या निवळीत ती असतात, पण ती इतकी आंबट झालेली असते की तापवूनही नीट साका बसत नाही. कणीक मळायला किंवा डाळ-तांदूळ भिजवायला दोन्ही निवळी उत्तम.