वाईच्या लेखांकापासून झोटेरोपर्यंत

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्याला 'तत्रैव' आणि 'उ. नि.' ही दोन रूपे पाठ असतात. आधीच्याच पुस्तकाचा लागोपाठ पुन्हा संदर्भ आला तर तळटिपेत 'तत्रैव', आणि मध्ये दुसरे काही येऊन गेले असेल तर 'उपरिनिर्दिष्ट'. लिहायला सोपे, पण भलतेच नाजूक. गाईडनी तिसऱ्या प्रकरणातला परिच्छेद चौथ्यात हलवायला सांगितला की मागे राहिलेली 'तत्रैव' दुसऱ्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागतात. माझ्या प्रबंधात असे अकरा ठिकाणी झाले होते. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका डीटीपीच्या दुकानात दोन दिवस बसून, वही आणि छापील पाने शेजारी ठेवून मी ती शोधली. एक तरीही राहिले, आणि तोंडी परीक्षेत नेमके त्यावरच बोट ठेवले गेले.

हे काम संगणकावर बिनचूक करणारी, पैसे न मागणारी साधने आज आहेत. संदर्भ जमवून ते लेखात आपोआप मांडून देणारे झोटेरो हे सॉफ्टवेअर त्यातले सर्वांत परिचित. कॉलेजांतल्या कार्यशाळांत त्याची बटणे दाखवली जातात. ते कुणी आणि का बनवले, हे सहसा सांगितले जात नाही. मला तो भाग बटणांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

संदर्भ देण्याची शिस्त आपल्या जिल्ह्याला नवी नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला तो वाईत हाती लागलेल्या कागदांवर. १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे त्यात आहेत. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. प्रत्येक कागदाला राजवाड्यांनी लेखांक दिला. त्यामुळे अभ्यासक आजही 'राजवाडे, खंड अमुक, लेखांक अमुक' एवढेच लिहितो आणि वाचणारा थेट त्या पत्रावर पोहोचतो. आवृत्ती बदलली, पाने पुढेमागे झाली, तरी लेखांक हलत नाही. २००० सालापासून क्रॉसरेफ ही संस्था संशोधनलेखांना डीओआय नावाचा कायमचा क्रमांक देऊ लागली. लेख दुसऱ्या संकेतस्थळावर गेला तरी तो क्रमांक बदलत नाही. तंत्र अर्थातच वेगळे आहे, पण गरज तीच.

वाईतच लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. विश्वकोशातल्या मोठ्या नोंदींच्या शेवटी बारीक अक्षरात 'संदर्भ' असतात. शाळकरी वयात मी त्या ओळी ओलांडून जात असे. आता कुठलीही नोंद आधी तिथून वाचतो.

हाताने संदर्भ सांभाळण्याची पद्धत जगभर साधारण एकच होती : एका चिठ्ठीवर एक नोंद, आणि चिठ्ठ्या खोक्यात किंवा कप्प्यात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या संस्कृत कोशाच्या चिठ्ठ्या तर कोटीच्या घरात आहेत. चिठ्ठीचा मोठा गुण असा की ती हवी तिथे हलवता येते. संगणकाने पुढे नेमके हेच उचलले. अडचण वाढली ती नोंद मांडण्याच्या पद्धतींमुळे. शिकागोची नियमावली १९०६ची. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने १९२९ साली सात पानांच्या सूचना छापल्या, त्यांचीच पुढे एपीए पद्धत झाली. मग प्रत्येक विषयाने, हळूहळू प्रत्येक नियतकालिकाने आपापले नियम केले. कुठे साल कंसात, कुठे शेवटी, कुठे आडनाव आधी. तोच लेख दुसरीकडे पाठवायचा तर संदर्भसूची नव्याने टाइप करावी लागे.

माहिती एकीकडे आणि मांडणी दुसरीकडे ठेवायची, ही सुटका गणित-संगणकवाल्यांना आधी सापडली. १९८५ साली ओरेन पटाश्निक यांनी लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या सोबतीने बिबटेक लिहिले. पुस्तकाची माहिती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एकदाच लिहायची, सूची कशी दिसावी ते वेगळ्या फाइलने ठरवायचे. सांगलीतले इंजिनिअरिंगचे संशोधक आजही त्या फाइली वापरतात, आणि त्या हाताळायला २००३ पासून जॅबरेफ हे मोफत आणि खुले, म्हणजे ज्याची आतली रचना कुणालाही पाहता-बदलता येते असे, साधन आहे. मराठी किंवा इतिहास शिकवणाऱ्यांना मात्र ती वाट फारशी सोयीची नव्हती. त्यांच्यासाठी एंडनोटसारखे सॉफ्टवेअर होते, पण ते विकत घ्यावे लागे. इथल्या बहुतेक संशोधकांनी त्याचे फक्त नाव ऐकले.

झोटेरो आले २००६च्या ऑक्टोबरात, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातील जॉर्ज मेसन विद्यापीठातून. ते इतिहासकारांनी बनवले, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. रॉय रोझेंझ्वाइग या कामगार-इतिहासाच्या अभ्यासकाने १९९४ साली तिथे इतिहास आणि नव्या माध्यमांचे केंद्र सुरू केले होते. झोटेरोचे काम डॅन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथेच केले. ज्यांना दप्तरखान्यात बसून टिपणे काढायची सवय होती, त्यांनी आपल्या गरजेचे साधन घडवले. खर्चाला मेलन फाउंडेशनसारख्या संस्थांची अनुदाने होती. नाव आल्बेनियन भाषेतल्या एका क्रियापदावरून घेतले, अर्थ 'प्रभुत्व मिळवणे'. सुरुवातीला ते फायरफॉक्स ब्राउझरला जोडलेले एक उपांग होते. ग्रंथालयाच्या सूचीचे पान उघडले की पत्त्याच्या पट्टीत छोटे चिन्ह दिसे, ते दाबले की लेखक, साल, प्रकाशक आपोआप नोंदले जात. स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून ते नंतर उभे राहिले.

दोन वर्षांतच कसोटी लागली. एंडनोट तेव्हा थॉमसन रॉयटर्सच्या मालकीचे होते. झोटेरोच्या नव्या आवृत्तीत एंडनोटच्या मांडणीच्या फाइली वाचता येऊ लागल्या, तेव्हा सप्टेंबर २००८ मध्ये कंपनीने विद्यापीठावर दावा लावला. मागणी होती वर्षाला एक कोटी डॉलरची आणि झोटेरोच्या वाटपावर बंदीची. विद्यापीठ मागे हटले नाही. जून २००९ मध्ये न्यायालयाने दावा काढून टाकला.

या वादाच्या मुळाशी जो प्रश्न होता तो मला आपल्याही कामाचा वाटतो : मी वर्षानुवर्षे जमवलेल्या नोंदी कुणाच्या? माझ्या की सॉफ्टवेअरच्या? मेंडली हे संदर्भ सांभाळायचे दुसरे साधनही मोफतच होते, पण खुले नव्हते. २०१३ साली एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेने ते घेतले. २०१८ साली त्यातला वापरणाऱ्याच्याच संगणकावरचा माहितीसाठा सांकेतिक रूपात बंद झाला. कंपनीने सुरक्षेचे कारण दिले, पण नोंदी उचलून दुसरीकडे नेणे त्यामुळे अवघड झाले. मोफत आणि खुले यांतला फरक ज्याला कळत नसेल त्याने हे एक उदाहरण लक्षात ठेवावे. झोटेरोत सगळा संग्रह आपल्या संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये असतो आणि बिबटेक किंवा आरआयएस अशा, इतर सॉफ्टवेअरनाही वाचता येणाऱ्या रूपात केव्हाही बाहेर काढता येतो. फक्त त्यांच्या सर्व्हरवर पीडीएफ ठेवायचे असतील तर ३०० एमबीनंतर पैसे पडतात.

आपल्याकडे या साधनांची गरज एकदम वाढली ती २०१८ नंतर. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, वाङ्मयचौर्यविषयक नियमांनी त्या वर्षी टप्पे ठरवून दिले. इतरांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्ती करून पुन्हा सादर करायचे, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष बंदी, आणि त्यावर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेले अवतरण आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जाते. म्हणजे संदर्भ नीट देणे हा प्रबंध टिकण्याचा प्रश्न झाला.

मराठीत लिहिणाऱ्याला मात्र अजून खूप काही हाताने करावे लागते. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक नाही, डीओआय तर नाहीच. आयएसबीएन टाकून नोंद मिळालीच तर ती बऱ्याचदा रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा-टिंबे असलेली येते, आणि देवनागरीत आपणच लिहावी लागते. मुखपृष्ठावर शके असेल तर इसवी सन काढून सालाच्या रकान्यात घालायचा आणि शक टिपेत ठेवायचा, असे मी करतो. सगळ्यांत जास्त त्रास जुन्या फॉन्टचा. डीटीपीवाला युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत, नसलेल्या फॉन्टमध्ये प्रबंध लावत असेल, तर झोटेरोने युनिकोडमध्ये दिलेले संदर्भ त्यात बसत नाहीत आणि सूची पुन्हा टाइप होते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी युनिकोडमध्ये टाइप करायला लावतो, झोटेरो त्यानंतर.

झोटेरोतल्या नोंदींसारख्याच त्याच्या मांडणीच्या फाइलीही खुल्या आहेत. ब्रूस डार्कस या भूगोलाच्या प्राध्यापकाने आखलेली सीएसएल ही संदर्भांच्या मांडणीचे नियम लिहिण्याची भाषा झोटेरोने उचलली. आज तिच्यात दहा हजारांहून अधिक शैली आहेत, सगळ्या खुल्या. प्रत्येक शैली ही साध्या मजकुराची फाइल असते आणि कुणालाही उघडता येते. तिच्यात लागोपाठच्या संदर्भासाठी वापरायचा शब्द एका ठरलेल्या जागी बदलता येतो. मी तिथे 'तत्रैव' लिहिले आहे. आता परिच्छेद कुठेही हलवला की वर्डमध्ये सगळ्या तळटिपा नव्याने मोजल्या जातात, आणि जिथे 'तत्रैव' उरायला नको तिथे पुस्तकाचे नाव आपोआप परत येते.