मिसुरी नदीवरच्या आगबोटी आणि त्यांचे कप्तान: थोडी पार्श्वभूमी

अमेरिकन सेनाधिकारी कस्टर आणि तिथल्या मूळनिवासी जमातींविरुद्धची त्याची लिटल बिगहॉर्नची लढाई बऱ्याच जणांना माहितीये, पण तिथल्या जखमी सैनिकांना परत कोणी आणलं हे फारसं कुणी सांगत नाही. ते काम केलं कप्तान ग्रँट मार्शने, 'फार वेस्ट' नावाच्या आगबोटीवरून. जुलै 1876, अमेरिकेतल्या यलोस्टोन आणि मिसुरी नदीतून बिस्मार्क गावापर्यंत (आजच्या नॉर्थ डकोटात) साधारण 710 मैल, 54 तासांत! ही मजल किती अवघड होती ते कळायला आधी ही नदी काय चीज आहे ते बघायला हवं.

मिसुरी म्हणजे गढूळ, उथळ, पात्र कधी बदलेल याचा नेम नाही. काठ ढासळले की झाडं मुळासकट पाण्यात पडायची, बुंधा तळाला रुतायचा आणि शेंडा पाण्याखाली लपून बसायचा, त्यावर बोट गेली की तळ फाटलाच समजा. 1856 मध्ये 'अरेबिया' नावाची आगबोट अशीच बुडाली, माणसं सगळी वाचली, एक खेचर तेवढं गेलं, आणि 1987 मध्ये तिला शोधली आणि 1988 मध्ये खणायला घेतली तेव्हा ती नदीत नव्हतीच, नदीपासून अर्ध्या मैलावरच्या एका शेताखाली होती, 45 फूट खोल.

म्हणून इथल्या बोटी सपाट तळाच्या, हलक्या, मागे मोठं चाक. वाळूत रुतली तर पुढचे दोन लांब लाकडी खांब नदीच्या तळात रोवायचे, दोर वाफेवर फिरणाऱ्या रहाटावर गुंडाळून बोटीचं नाक उचलायचं आणि मागचं चाक फिरवून तिला पुढे ढकलायची, मग परत खांब काढा, परत रोवा. टोळासारखी उडी मारत मारत बोट वाळू पार करायची. त्यात रोज काठावर थांबून बॉयलरसाठी लाकूड भरायचं ते वेगळंच.

मिसुरीत पहिली आगबोट शिरली 1819 मध्ये, पण खरा जोर लावला तो फरच्या, म्हणजे केसाळ कातड्यांच्या व्यापाऱ्यांनी. अमेरिकन फर कंपनीची 'यलो स्टोन' 1832 मध्ये नदीच्या वरच्या भागातल्या फोर्ट युनियन या व्यापारी ठाण्यापर्यंत पोचली. या कौतुकात एक गोष्ट हमखास गाळली जाते: 1837 मध्ये याच कंपनीच्या 'सेंट पीटर्स' बोटीबरोबर देवीची साथ वर गेली आणि नदीकाठचे मंडान हे मूळनिवासी लोक जवळपास संपले. माझ्या मते या बोटींच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं प्रकरण हेच, लढाया आणि रेकॉर्ड नंतर.

कप्तान लोकांची घाईही जिवावर बेतायची. 1852 मध्ये लेक्सिंग्टनजवळ प्रवाह इतका जोरात होता की 'सलूडा' बोट पुढे सरकेना, कप्तान फ्रान्सिस बेल्टने वाफ वाढवायला लावली आणि बॉयलर फुटला, तो स्वतः गेलाच, सोबत पश्चिमेला निघालेले मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे कित्येक प्रवासीही गेले.

1860 ला बोटी थेट मोंटानात फोर्ट बेंटनला पोचल्या, सेंट लुइसपासून दोन हजारांहून जास्त मैल, आणि दोनच वर्षांत तिकडे सोनं सापडलं. मग काय, खाणवाले, पीठ, दारू, कुदळी, सगळं नदीनेच वर जायला लागलं. भाडं एवढं तगडं की नशीब असेल तर एका ट्रिपमध्ये बोटीचे पैसे वसूल.

पण 1873 मध्ये रेल्वे बिस्मार्कला आली, मार्श जखमींना घेऊन तिथे पोचला तेव्हा रूळ आणि तारऑफिस दोन्ही होतं, लढाईची सविस्तर बातमी तिथून तारेने बाहेर गेली. 1883 मध्ये खुद्द 'फार वेस्ट' पाण्याखालच्या झाडाला आपटून बुडाली आणि 1887 ला रेल्वे फोर्ट बेंटनलाही पोचली, त्यानंतर एवढा वळसा घेऊन बोटीने माल कोण पाठवणार!