राज्याबाहेरच्या सरकारी विद्यापीठात अर्ज करताना : रहिवास, पात्रता, कागदपत्रं

न्यू जर्सीत शिकणारी मुलगी कॅलिफोर्निया किंवा टेक्सासच्या सरकारी विद्यापीठात अर्ज करते, तेव्हा ती तिथे ‘आउट-ऑफ-स्टेट’ ठरते. तिचे पालक त्या राज्यात कर भरत नाहीत, म्हणून फी जास्त आणि बहुतेक ठिकाणी स्पर्धाही अधिक कडक. प्रवेश आणि रहिवास (फीसाठी तुम्हाला त्या राज्याचे मानायचं की नाही) हे दोन वेगळे निर्णय असतात, हे मात्र अनेक घरांत उशिरा लक्षात येतं.

फीचा दर नागरिकत्वावर ठरत नाही. अमेरिकेत जन्मलेलं मूलही शेजारच्या राज्यात आउट-ऑफ-स्टेटच असतं. उलट कॅलिफोर्नियात राहणाऱ्या एच-१बी (नोकरीच्या व्हिसावरच्या) कुटुंबातलं मूल नियम पाळून तिथे ‘इन-स्टेट’, म्हणजे त्याच राज्यातलं, ठरू शकतं. मूल पालकांवर अवलंबून असेल तर पालक कुठे राहतात हे पाहिलं जातं.

“पहिलं वर्ष जास्त फी भरू, मग इन-स्टेट होऊ” हा सल्ला ओळखीतलं कुणीतरी देतंच. त्या भरवशावर चार वर्षांचं गणित मांडू नका. कॅलिफोर्नियात एक वर्षाहून जास्त प्रत्यक्ष वास्तव्य लागतं, शिवाय तिथेच कायम राहण्याचा इरादा कागदोपत्री दाखवावा लागतो. विद्यार्थी २४ वर्षांखालचा आणि पालक दुसऱ्या राज्यात असतील, तर तो आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र आहे हेही सिद्ध करावं लागतं. नुसतं शिकायला येऊन राहिल्याने काम होत नाही. इथे चुकीच्या आशेची किंमत मोठी आहे : युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात बाहेरच्यांना मूळ फीवर वर्षाला ३० हजार डॉलरांहून अधिक जादा शुल्क पडतं.

पात्रतेतही फरक आहे. याच विद्यापीठाला कॅलिफोर्नियातल्या मुलांकडून किमान ३.० जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, बाहेरच्यांकडून ३.४. तो दहावी-अकरावीच्या ठरावीक विषयांवर काढतात. बाहेरच्या शाळेतल्या साध्या ‘ऑनर्स’ (वरच्या पातळीच्या) कोर्सला वाढीव गुण मिळत नाहीत, एपी आणि आयबी या प्रमाणित प्रगत अभ्यासक्रमांना मिळतात. त्यामुळे शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवरचा (गुणपत्रकावरचा) आकडा पाहून खूश होऊ नका, स्वतः पुन्हा काढा. टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या ९० टक्के जागा कायद्यानेच राज्यातल्या मुलांसाठी आहेत. परदेशी आणि बाहेरच्या राज्यांतले मिळून उरलेल्या १० टक्क्यांत. चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातही बाहेरच्यांसाठी बराच काळ १८ टक्क्यांची मर्यादा ठेवलेली आहे.

अर्जाची कागदपत्रं तुलनेने सोपी आहेत. बहुतेक ठिकाणी ट्रान्सक्रिप्ट, निबंध, उपक्रमांची यादी आणि अर्जाचं शुल्क. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा अर्ज वेगळाच : गुण स्वतःच भरायचे, आठपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांत उत्तरं लिहायची, एसएटी या प्रवेश परीक्षेचे गुण प्रवेश ठरवताना पाहिलेच जात नाहीत. साधारण नोव्हेंबरअखेर मुदत संपते. प्रवेश मिळाल्यावर रहिवासाचा स्वतंत्र फॉर्म येतो. रहिवासाचा दावा करणाऱ्यांना राज्याचं कर विवरणपत्र, वाहन परवाना, भाडेकरार असे पुरावे जोडावे लागतात. कागद जुन्या तारखांचे हवेत, अर्जाच्या आठवड्यात काढलेले नव्हेत.

फी कमी करायची खरी वाट बरेचजण तपासतच नाहीत. पश्चिमेकडच्या राज्यांत राहत असाल तर ‘वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज’ या सवलत योजनेतल्या विद्यापीठांत इन-स्टेट दराच्या जास्तीत जास्त दीडपट फी लागते. बर्कली, यूसीएलए आणि सिएटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ त्यात नाहीत, आणि काही ठिकाणी ठरावीक विषयांनाच ती सवलत आहे. दक्षिणेकडच्या राज्यांत ‘अकॅडेमिक कॉमन मार्केट’ आहे : तुमच्या राज्यात नसलेला अभ्यासक्रम शेजारच्या राज्यात असेल, तर तुमच्याच राज्याच्या कार्यालयाकडून प्रमाणपत्र घेऊन इन-स्टेट दर मागता येतो. दोन्हींसाठी वेगळा अर्ज लागतो का, हे त्या त्या विद्यापीठाकडे विचारून घ्या.

नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनी ‘फाफ्सा’ (केंद्र सरकारच्या शिक्षण मदतीचा अर्ज) नक्की भरावा. केंद्र सरकारची मदत राज्य बदललं तरी मिळते. एच-४ वरच्या (एच-१बीधारकांच्या अवलंबितांच्या व्हिसावरच्या) मुलांना ती मिळत नाही, म्हणून त्यांनी विद्यापीठाच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीची मुदत आधी पाहावी. ती कधीकधी प्रवेश अर्जाच्या मुदतीपेक्षाही लवकर संपते.

होकार कळवायची नेहमीची तारीख १ मे. त्याआधी फीचं पत्रक लेखी मागवा आणि त्यावर रहिवासाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचूनच अनामत भरा.